चेक इंजिनचा दिवा, पार्किंग नं. ४१

बी-७०४: कोणाकडे ओबीडी स्कॅनर आहे का, गाडीतले एरर कोड वाचायचा? काल रात्री गायमुख घाट चढताना चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी चालतेय, पण सिग्नलला थांबली की थरथरते. गॅरेजवाल्याने कोड काढला, पी ०१७१. म्हणतो ऑक्सिजन सेन्सर गेला, सात हजार.

ए-३०१: पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतायत ना, त्याचा प्रताप! माझंही ॲव्हरेज पडलंय.

डी-१२०२: बॅटरीची वायर दहा मिनिटं काढून लाव. दिवा जातो. मी तेच करतो 😎

सी-१०२: थांब गं, सात हजार देऊ नकोस. दिवा नुसता पेटलाय की लुकलुकतोय? लुकलुकत असेल तर मिसफायर. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून बाद होतो. मग गाडी काढूच नकोस.

बी-७०४: नाही काका, नुसता पेटलाय.

सी-१०२: मग घाबरू नकोस. ०१७१ म्हणजे मिश्रण लीन: हवा जास्त, पेट्रोल कमी. शुद्ध पेट्रोलला किलोमागे १४.७ किलो हवा लागते. जास्त झाली की सेन्सर धुरावरून ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवत नेतो. शेवटी हात टेकले की दिवा लावतो. सेन्सर बिचारा चुगली करतोय, तर गॅरेजवाला त्यालाच काढायला निघालाय. तोही बिघडतो कधीकधी, पण आधी बाकीचं बघायचं. आणि डी-१२०२, बॅटरी काढलीस की कोडसोबतची नोंदही पुसली जाते, आजार तिथेच. इथेनॉलमुळे पेट्रोल थोडं जास्त लागतं, पण तेवढं ईसीयू सांभाळून घेतो.
सातला माझा कोड वाचायचा डोंगल घेऊन खाली येतो.

डी-१२०२: 🙈

सी-१०२: बघितलं. इंजिन गरम असताना, आयडलला (गाडी उभी, रेस न देता) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय तो आकडा, +२४. २५०० आरपीएमला धरलं तर +७. पंप किंवा फिल्टर कमजोर असता तर उलटं, रेस दिल्यावर आकडा चढला असता. म्हणजे थ्रॉटलच्या, हवेच्या झडपेच्या, पुढे कुठेतरी चोरून हवा ओढली जातेय. बॉनेट उघडलं की सूं-सूं ऐकू येतंय. एअर फिल्टरपासून सगळे रबरी पाइप खालच्या बाजूने चाचप.

बी-७०४: सापडलं काका!! पीसीव्हीचा पाइप, इंजिनमधले वायू परत आत ओढून नेणारा. वरून नवाकोरा, खालून बोट आरपार. कडेला बारीक दातांच्या खुणा 🐀 माजिवड्याला साडेतीनशेला मिळाला, त्यांनीच बसवून दिला. आता आयडलला +३, थरथर बंद.

ए-३०१: इथेनॉलने रबर खराब होतं म्हणतात बरं का.

सी-१०२: अहो, इथेनॉलला दात नसतात.

ए-५०३ सेक्रेटरी: बी विंगच्या पार्किंगमध्ये मांजरांसाठी रात्री भात कोण ठेवतं? मांजरं येत नाहीत, बाकी सगळे येतात. उद्यापासून पिंजरे लावतोय. पिंजऱ्यातली भजी कोणी काढू नका, मागच्या वेळी वॉचमननेच खाल्ली होती.

डी-१२०२: काका, उद्या डोंगल मिळेल का? माझा दिवा महिन्यातून दोनदा लागतोय.