अर्ज न करणं म्हणजे आळस नव्हे
'गरिबांसाठी सरकारी योजना भरपूर आहेत, लोकच अर्ज करत नाहीत' असं काही जण म्हणतात, ते मला पटत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांना तोडणीआधी, हात तंग असताना, आणि पैसे आल्यावर आकृत्यांची कोडी घातली होती. माणसं तीच, पण तंगीत गुण कमी. चिंतेनेच डोकं व्यापलेलं! अशा वेळी अर्जाची किचकट कागदपत्रं कशी जमणार?

धारावीत आमच्या शेजारच्या मावशी निराधार योजनेच्या दाखल्यासाठी चार खेपा घालून आल्या. दर खेपेला नवा कागद, आणि तेवढ्या दिवसांची धुणीभांडी बुडाली. पाचव्यांदा गेल्याच नाहीत. आळशी नका हो म्हणू त्यांना. कागदांची पूर्ण यादी पहिल्याच खेपेला, मोठ्या अक्षरांत हातात द्या. जमलं तर अर्ज वस्तीत येऊनच भरून घ्या.