मदत हवी आहे : स्ट्रेन तगतोय, पण माल देत नाही (तातडीचे)

जाड_चष्मा: पुण्यातच एमटेकचा प्रोजेक्ट चालू आहे. डोस वाढवत वाढवत ताज्या माध्यमात ट्रान्सफर करत जंतूचा स्ट्रेन (वाण) कणखर केला. मूळचा ०.८ टक्क्यालाच मान टाकायचा, हा १.२ ला मजेत वाढतो. पण उत्पादन पूर्वीपेक्षा कमी! सोमवारी सरांना दाखवायचंय. कृपया ‘पेपर वाच’ सांगू नका.

मिरचीभजी: डोस कशाचा? स्ट्रेन कुठला?

जाड_चष्मा: ब्युटेनॉल (इंधन म्हणून चालणारं अल्कोहोल), जंतू ई. कोलाय. दुसरं काय असणार? ब्युटेनॉल बनवायची जनुकं त्यात घातलीत, पण तेच त्याला विषारी.

कर्वेरोडकर: एफ्लक्स पंप (विष पेशीबाहेर फेकणारं प्रथिन) टाक, विषय संपला. स्युडोमोनास पुटिडाचे काही स्ट्रेन टोल्यूइनसारख्या जहाल द्रावकातही जगतात, आत शिरलेलं बाहेर फेकतात. एमएस्सीला मी हेच केलंय. नाहीतर पाषाणला एनसीएलच्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या) जंतूसंग्रहातून पुटिडाच घे.

निवळशंख: टोल्यूइन वेगळं, ब्युटेनॉल वेगळं. ई. कोलायचा स्वतःचा पंप हेक्झेन फेकतो, ब्युटेनॉलला विचारतही नाही. शिवाय पंप अति झाले की पेशीपटलात गर्दी होऊन वाढच खुंटते.

कर्वेरोडकर: आपण स्वतः कधी क्लोनिंग केलंय का? सहज विचारतोय.

गच्चीवरची_बाग: जाणकार दिसताय सगळे. सेप्टिक टँकमध्ये टाकायच्या पावडरीचा उपयोग होतो का? सोसायटीत दोन तट पडलेत.

मिरचीभजी: ब्युटेनॉल बनवणं ज्याचा पिढीजात धंदा, तो क्लोस्ट्रिडियमसुद्धा १.३ टक्क्याच्या आसपास थांबतो. जंतूला पहिलवान करण्यापेक्षा रसातून वायू फुंकून त्यासोबत ब्युटेनॉल काढत राहा. इतक्या पातळ रसातून ऊर्ध्वपातन म्हणजे इंधनाचा चुराडा, हे कारखान्यातल्या कुणालाही विचार.

निवळशंख: @जाड_चष्मा, फ्लास्कला बूच कसलं?

जाड_चष्मा: कापसाचा बोळा. सगळे तोच वापरतात.

निवळशंख: मग शेकरवर ३७ अंशाला ब्युटेनॉल उडत असणार. जंतू कणखर झाला की डोस हलका झाला, कसं कळणार? स्क्रू कॅप लावून जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) ब्युटेनॉल मोज. आणि ट्रान्सफर करताना अँटिबायोटिक होतं?

जाड_चष्मा: नव्हतं. उगाच ताण नको म्हणून.

निवळशंख: मग प्लाझ्मिड (ब्युटेनॉलची जनुकं असलेला डीएनएचा सुटा तुकडा) टाकून दिलेल्या पेशीच पुढे गेल्या असतील; अँटिबायोटिक असतं तर त्या मेल्या असत्या. तू निवड केलीस ती तगण्याची. ब्युटेनॉल बनवणाऱ्याला त्यात बक्षीस काहीच नाही, उलट ऊर्जा जाते. कणखर स्ट्रेनमध्ये मूळ प्लाझ्मिड नव्याने घाल, शेजारी जुना स्ट्रेन चालव. दोघे सारखंच देत असतील तर अडचण विषारीपणाची नाही, ब्युटेनॉल बनवणारा एन्झाइम कमी पडतोय.

जाड_चष्मा: सोमवारपर्यंत होईल?

निवळशंख: कॉलन्या येतील. आकडे नाही.