वृद्धांची काळजी : जपानने रोख रक्कम का नाकारली

बी-५०२ : काका, घरी आईवडिलांची सेवा करणाऱ्या कुटुंबाला सरकारने दरमहा थेट पैसे द्यावेत, असे आपण काल सोसायटीच्या या गटावर सुचवले होते. जर्मनीच्या १९९५ पासूनच्या काळजी विम्यात, म्हणजे रोजच्या कामांत मदत लागणाऱ्यांसाठीच्या विम्यात, तशी सोय आहे. जपानने मात्र एप्रिल २००० मध्ये आपला विमा सुरू करताना ती विचारपूर्वक टाळली. रोख रक्कम आली की सारे काम पुन्हा सुनेच्याच गळ्यात पडेल, असा तिथल्या महिला संघटनांचा ठाम आक्षेप होता. मला तो पूर्णपणे पटतो. म्हणून तिथे पैसे नव्हे, सेवा मिळते. अर्ज केल्यावर नगरपालिकेचा माणूस घरी येऊन उठणे, जेवणे, आंघोळ, स्मरणशक्ती अशा ७४ मुद्द्यांवर पाहणी करतो आणि डॉक्टरांचे मत जोडून समिती मदतीच्या गरजेची सातपैकी एक पातळी ठरवते. मुलगा किती कमावतो किंवा घरात सून आहे का, यावर ती पातळी ठरत नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पुढे केअर मॅनेजर सेवांचे वेळापत्रक आखतो. त्यात दिवसा केंद्रात नेऊन आंघोळ, जेवण, व्यायाम झाल्यावर घरी सोडणारी गाडीही असू शकते.

ए-३०१ : माहिती उत्तम आहे, पण हा खर्च कोण उचलतो?

बी-५०२ : वापरणारा साधारण १० टक्के देतो, उत्पन्न जास्त असल्यास २० किंवा ३० टक्के. उरलेल्या खर्चाचा निम्मा भार करांवर आणि निम्मा चाळिशीपासून भरायच्या हप्त्यांवर असतो. पासष्टीपुढील व्यक्तीचा सरासरी मासिक हप्ता सुरुवातीला २,९११ येन होता, तो २०२४ मध्ये ६,२२५ येनवर गेला. सेवकांची टंचाई आहे आणि घरच्यांच्या काळजीसाठी आजही वर्षाला सुमारे एक लाख लोक नोकरी सोडतात. तरीही गरज आधी मोजायची आणि मग मदत ठरवायची, हा क्रम आपण विम्याची वाट न पाहता घेऊ शकतो.

सी-१०४ : ताई, हे अगदी खरे आहे. सासूबाईंसाठी मावशी ठेवताना ब्युरोने आम्हाला बारा तास हव्यात की चोवीस, एवढेच विचारले. सासूबाई स्वतःहून काय करू शकतात आणि कुठे हात लागतो, हे ना ब्युरोने विचारले, ना आम्ही लिहून दिले. ती पाहणी कोणत्या मुद्द्यांवर होते, त्यांची मराठी यादी आपण इथे टाकाल का?