पहिली नेलगन (खिळे ठोकायची गन) कुठली घ्यावी? १६ गेज की १८?

घरच्याघरी सुतारकाम करतो, सध्या एक कपाट आणि दोनचार फोटोफ्रेम हातात आहेत, हातोडीने ठोकताना एकतर पट्टी फाटते नाहीतर खिळा वाकतो, जाम वैतागलोय. १६ की १८, आणि बॅटरीवाली की कॉम्प्रेसरवाली?

> १८ गेज ब्रॅड नेलर (बारीक खिळ्यांची नेलगन) घे डोळे झाकून (घेताना हं, वापरताना गॉगल लाव). गेजचा आकडा वाढला की खिळा बारीक होतो, मी सुरुवातीला उलटंच समजत होतो. १८ मध्ये साधारण २ इंचापर्यंतचे खिळे बसतात. १६ ची पकड जास्त पण भोकही मोठं, मग त्यात लांबी (पुट्टी) भरत बसा.

> फ्रेमला २३ गेज पिन नेलर भारी, पिनला डोकंच नसतं त्यामुळे दिसत नाही. पण ती फक्त ग्लू सुकेपर्यंत धरून ठेवते, एकटीच्या भरवशावर राहू नको.

> प्लायच्या कडेत मारताना खिळा वळून बाजूने बाहेर येतो, बोटं खिळ्याच्या लांबीपेक्षा लांब ठेव. गनमध्ये अडकलेला खिळा काढताना आधी बॅटरी नाहीतर हवेचा पाइप काढायचा, मग हात घालायचा.

टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप आहे माझ्याकडे, चालेल?

> टाकी नसेल तर नाही रे. ७० ते १०० पीएसआय प्रेशर साठवून एका झटक्यात सोडावं लागतं. छोटी टाकीवाला कॉम्प्रेसर पुरतो, गन हलकी मिळते पण आवाज फार. अधूनमधून थोडंसंच काम असेल तर बॅटरीवालीच बघ, जड असते तेवढं सोडलं तर सुटसुटीत.