मदत हवी आहे: किडनी कॅन्सरच्या चाचणीत मुतखड्याचे रुग्ण घ्यावेत का?

नमस्कार मंडळी. मी जळगावला एम.एस्सी. बायोकेमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव यावल तालुक्यात. लघवीतल्या प्रथिनांवरून किडनीचा कॅन्सर ओळखण्याचा माझा प्रोजेक्ट एका जागी अडलाय. पॅथॉलॉजी, युरॉलॉजी किंवा संख्याशास्त्रातलं कुणी असेल तर कृपया वाचा.

विषय मामांमुळे घेतला. केळीच्या बागेत राबणारा माणूस. लघवी लाल झाली तेव्हा आम्ही सगळे, मीसुद्धा, 'खडाच असेल' म्हणालो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो, मुतखडा घरोघरी. पाच महिने पानफुटीची पानं खाण्यात गेले. सीटी स्कॅन केला तोवर किडनीतली गाठ फुप्फुसात पोचली होती. मामा गेले.

या कॅन्सरसाठी अजून सर्वमान्य स्क्रीनिंग चाचणी (लक्षणं नसतानाच करायची तपासणी) नाही; पुष्कळ गाठी दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत सापडतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या गटाने २०१५ साली लघवीतल्या अ‍ॅक्वापोरिन-१ आणि पेरिलिपिन-२ या प्रथिनांवर चांगले निकाल दिले. पेरिलिपिन चरबीच्या थेंबांभोवती असतं आणि किडनी कॅन्सरच्या 'क्लिअर सेल' या नेहमीच्या प्रकारातल्या पेशी चरबीने भरलेल्या असतात, म्हणून ते मला पटतं. युरोपातल्या 'एपिक' या मोठ्या, दीर्घकालीन पाहणीत २०१८ साली दिसलं की रक्तातलं किम-१ हे प्रथिन निदानाच्या पाच वर्षं आधीही वाढलेलं असू शकतं.

पण किम-१ किडनीला इजा झाली तरी वाढतं! मग खड्याने लघवी अडलेल्या माणसात काय दिसेल? सर म्हणतात, तुलनेला कॉलेजातली निरोगी मुलं घे, सोपं पडेल. मला ते पटत नाही. खान्देशात ही चाचणी ज्याच्यावर होईल तो मामांसारखाच असेल, मुतखड्याचा संशय असलेला. निरोगी मुलांशी तुलना केली तर आकडे छान दिसतील आणि उपयोग शून्य.

शिवाय हिशोब करून पाहिला. दहा हजार माणसांत दहा जणांना कॅन्सर आहे असं धरू. चाचणी दोन्ही बाजूंनी (कॅन्सर असलेला ओळखण्यात आणि नसलेला वगळण्यात) ९५ टक्के अचूक असली तरी नऊ-दहा रुग्णांसोबत सुमारे पाचशे निरोगी माणसं उगाच घाबरतील. तेव्हा सरसकट गावाची तपासणी नको, लघवीतून रक्त जाणाऱ्या पन्नाशीपुढच्यांचीच करावी, असं माझं मत झालंय. चुकतंय का?

दुसरं, यावलहून जळगावला लघवीचे नमुने एस.टी.ने आणायचे आहेत. बर्फाच्या डब्यात प्रथिनं टिकतील, की तिथेच सेंट्रिफ्यूज करून (यंत्रात वेगाने फिरवून गाळ वेगळा काढून) गोठवावे लागतील? खड्याच्या रुग्णांमध्ये किम-१ कुणी मोजलं असेल तर जरूर लिहा, या आठवड्यात सरांपुढे बोलायचं आहे.