कोषातली अळी मेलेली नसतेच

कोष म्हणजे कबर आणि फुलपाखरू म्हणजे पुनरुत्थित ख्रिस्त, हे रूपक ईस्टरच्या कार्डापुरतं ठीक आहे. पण कोषातली अळी मेलेली नसते हो! तिचे बरेच अवयव आत विरघळतात खरे, पण पंखांचे अंकुर तिच्या अंगात आधीपासूनच असतात.

मला त्यापेक्षा स्पेनमधल्या आविलाच्या संत तेरेसा भावतात. 1577 साली लिहिताना त्यांनी रूपकासाठी रेशमाचा किडा घेतला, आणि ‘हे मी पाहिलेलं नाही, ऐकलेलं आहे’ असं सांगूनही टाकलं. (किती प्रवचनकार एवढं सांगतात?) त्यांचा किडा म्हणजे ख्रिस्त नव्हे, प्रार्थना करणारा माणूस. तो स्वतःभोवती घर विणतो, ते घर ख्रिस्त. त्यात ‘मी’ मरतो आणि पांढरं फुलपाखरू बाहेर येतं. आधार बायबलमधल्या, पौलाच्या कलस्सैकरांस पत्राचा.

आपल्याकडे तुती लावून रेशीम काढणाऱ्यांना विचारा, ते वेगळंच सांगतील. पतंग कोष फोडून आला तर सलग धागा जातो, म्हणून त्याआधीच कोषाला उष्णता देऊन आतला जीव मारतात. आणि जे थोडे बियाण्यासाठी राखतात, त्यांतून आलेल्या पतंगाला उडताही येत नाही.

संडे स्कूलच्या मुलांना कागदी फुलपाखरं वाटण्यापेक्षा कोल्हापुरात रंकाळा तलावाकडची रुईची झुडपं दाखवा. काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची, काळी शिंगं असलेली अळी पानाखाली सापडेल. फक्त रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.