बर्ट्रम मॅकेनल : नाण्यावरचा राजा आणि चौकातले पुतळे

प्रश्न : नाणेसंग्राहक
माझ्याकडे १९१८ साली मुंबईच्या टांकसाळीत पाडलेले सोन्याचे सॉव्हरिन आहे. पंचम जॉर्जच्या मानेखाली ‘बी. एम.’ ही बारीक अक्षरे दिसतात. ती बर्ट्रम मॅकेनल या शिल्पकाराची आहेत, एवढेच समजले. त्यांनी मोठी स्मारकेही घडवली असल्याचे वाचले. २२ मिलिमीटरच्या चकतीवर काम करणारा माणूस पुतळ्यांकडे वळला, की उलटे घडले?

प्रतिसाद : शिल्पाभ्यासक
उलटेच घडले. मॅकेनल यांचा जन्म १८६३ साली मेलबर्नमध्ये झाला आणि वडीलही शिल्पकार असल्यामुळे हातात छिन्नी लवकर आली. लंडन-पॅरिसमध्ये शिक्षण, मध्यंतरी पोटापाण्यासाठी कोलपोर्टच्या चिनीमातीच्या कारखान्यात नमुने घडवण्याचे काम, असा प्रवास झाल्यावर १८९३ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ग्रीक पुराणकथेतील मायाविनी ‘सर्सी’ हिच्या त्यांनी घडवलेल्या शिल्पाची दखल घेतली गेली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल अकादमीने ते मांडले खरे, परंतु चौथऱ्यावरच्या नग्न आकृती झाकून. या सोवळेपणाने शिल्पकाराची प्रसिद्धी वाढवलीच असावी. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकची पदके त्यांनी केली. पंचम जॉर्ज गादीवर आल्यावर राज्यारोहणाचे पदक, नाणी आणि टपाल तिकिटांवरील राजाचे चित्र ही कामे त्यांच्याकडे आली, तर विंडसरच्या सेंट जॉर्जेस चॅपेलमधील सातव्या एडवर्डची समाधीही त्यांचीच. कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलमधील घोड्यावर बसलेला एडवर्ड आणि सिडनीच्या मार्टिन प्लेस येथील युद्धस्मारकावरचे कांस्य सैनिक व नाविकही त्यांचेच आहेत. १९२२ साली रॉयल अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळवणारे ते पहिले ऑस्ट्रेलियन ठरले. गेटवेसमोर पूर्वी असलेला पंचम जॉर्जचा पुतळा मात्र त्यांचा नव्हे. तो गणपतराव म्हात्रे यांचा.

प्रतिसाद : साचेकार
शिल्पकार नाण्याच्या आकारात काम करत नाही, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तो बराच मोठा प्लास्टरचा नमुना घडवतो आणि आकार लहान करणारे यंत्र त्या नमुन्यावरून सुई फिरवत पोलादात तीच आकृती कोरते. खरी कसोटी उठावाची, म्हणजे आकृती पृष्ठभागातून किती वर येते याची असते : तो इतका कमी हवा, की ठशाच्या एकाच आघातात धातू सर्वत्र भरला जावा आणि नाणी एकमेकांवर नीट रचता यावीत. चौकातल्या पुतळ्याला ऊन-सावली मदत करते; नाण्यावर केसांच्या चार रेघाही फार उठल्या, तर त्याच आधी झिजतात. म्हणूनच मॅकेनल यांचे राजाचे मस्तक मला त्यांच्या काही भव्य पुतळ्यांपेक्षा सरस वाटते.

नाणेसंग्राहक
मग मॅकेनल यांनीच घडवलेली राजाची आकृती असलेल्या १९११ च्या रुपयावरून भारतात गदारोळ झाल्याचे सांगतात, तो का झाला?

प्रतिसाद : साचेकार
त्या रुपयावर राजा मुकुट आणि झगा घातलेला आहे व गळ्यातील साखळीत एक चिमुकला हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आखूड दिसली, की लोकांना तो डुक्कर वाटला आणि विशेषतः मुस्लिम समाजात नाराजी पसरली. नाणे मागे घेऊन १९१२ पासून हत्ती सुधारण्यात आला. यंत्राने लहान केल्यावर तपशील कसा वाचला जाईल, याचा अंदाज मोठ्या नमुन्यावरून येत नाही, त्याचे हे उदाहरण. जुना रुपया विकत घेताना तो १९१२ नंतरच्या रुपयाशेजारी ठेवून भिंगातून सोंड पाहावी. झिजलेल्या नाण्यावर हा फरक ओळखणे कठीण जाते, त्यामुळे केवळ विक्रेत्याच्या शब्दावर जादा किंमत देऊ नये.